मे तेंगचे पाणी : चियांग मायजवळील राफ्टिंगचा एक दिवस

शुक्रवार : चियांग माय

पितृपक्षात विमानाची तिकिटे तुलनेने स्वस्त मिळतात आणि उत्तर थायलंडमधील नद्या त्याच सुमारास भरून वाहत असतात. या दोन गोष्टी जुळून आल्यामुळे गणपतीविसर्जनानंतर लगेच चियांग मायला जायचे आम्ही ठरवले. वहिनींच्या आईंना हा मुहूर्त मुळीच पसंत नव्हता आणि विमानतळावर पोहोचेपर्यंत त्यांनी फोनवरून ते बोलूनही दाखवले. माझा नवरा, मी, दादा आणि वहिनी असे आम्ही चौघे होतो. मुंबईहून बँकॉकमार्गे चियांग माय हा प्रवास विनासायास झाला, त्यामुळे त्याविषयी फारसे लिहीत नाही. थायलंडचे डिजिटल आगमनपत्र प्रवासापूर्वी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरावे लागते, ते मात्र विसरू नये. 2025 च्या मे महिन्यापासून ते परदेशी प्रवाशांना बंधनकारक झाले आहे. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून तेही निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

राफ्टिंगचा अनुभव आम्हांला होता तो कोलाडचा. कुंडलिकेवरील राफ्टिंग हे वीजगृहातून सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते. पाणी सुटले की राफ्ट निघतात आणि ते ओसरायच्या आत खाली पोहोचतात, त्यामुळे एका अर्थाने ती नदी वेळापत्रकाने वागते. आम्ही जिथे जाणार होतो त्या मे तेंग नदीला असे वेळापत्रक नाही. म्यानमारच्या सीमेलगतच्या डोंगरांत उगम पावून ती दक्षिणेकडे येते आणि पिंग नदीला मिळते. पिंग पुढे नाखोन सावन येथे नान नदीला मिळते आणि तेथून बँकॉककडे जाणारी चाओ फ्राया सुरू होते. डोंगरात रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी राफ्टखाली येतो. राफ्टिंगचा मोसम साधारण जुलैत सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पाणी सर्वांत जोरकस असते.

राजा मेंगराय याने 1296 मध्ये वसवलेल्या जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक आजही पाण्याने भरलेला आहे आणि आमचे अतिथिगृह त्या खंदकाच्या आतच होते. दुपारी सामान टाकून आम्ही राफ्टिंगची चौकशी करायला बाहेर पडलो. शहरात पर्यटनाची दुकाने जागोजागी आहेत आणि बहुतेकांच्या भिंतीवर एकच फलक दिसतो. सकाळी हत्ती, मग धबधबा, मग डोंगरी जमातींचे गाव, दुपारी बांबूचा तराफा आणि मधल्या वेळेत थोडे राफ्टिंग, असा एका दिवसात बसवलेला तो कार्यक्रम असतो. आम्ही तो घेतला नाही, आणि राफ्टिंगसाठीच जाणाऱ्याने तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा सहलीत नदीच्या वाट्याला दिवसाचा उरलेला तुकडा येतो. सुरक्षेची शिकवणी घाईत उरकली जाते आणि लोक आधीच दमून पाण्यात उतरतात. नदी हाच एकमेव कार्यक्रम असलेली कंपनी शोधावी, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

अशी कंपनी सापडली, तेव्हा तिथल्या बाईंनी आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. कोणाला पोहता येते, खांदा कधी निखळला आहे का, दम्याचा त्रास आहे का, वजन किती. दादाने वजन सांगताना थोडी काटछाट केली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहून स्वतःच्या अंदाजाने आकडा लिहिला. हा प्रश्न लाइफ जॅकेटच्या मापासाठी असतो आणि तिथे सौजन्य कामाचे नाही. आमच्या बाजूने आम्ही दोनच गोष्टी विचारल्या. राफ्टसोबत सुरक्षेसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, असते का, आणि पाणी फार चढले तर काय करता. पहिल्याचे उत्तर होकारार्थी होते. दुसऱ्याचे उत्तर असे मिळाले की, काठावरील खुणेच्या वर पाणी गेले तर वरचा टप्पा सोडून खालून सुरुवात होते आणि त्याहूनही चढले तर सहल रद्द करून पैसे परत दिले जातात. रद्द करण्याची तयारी असलेली कंपनीच विश्वासाची, असे आम्ही ठरवले आणि नावे नोंदवली.

रात्रीच्या जेवणात खाओ सोय होते. नारळाच्या दुधातील रश्शात अंड्याच्या मऊ शेवया, वर त्याच शेवया कुरकुरीत तळून घातलेल्या, सोबत मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कच्चे छोटे कांदे, लिंबाची फोड आणि तेलात परतलेल्या मिरचीची वाटी. वहिनी मालवणच्या, त्यामुळे नारळाच्या रश्शाविषयी त्यांचे मत सहजासहजी अनुकूल होत नाही. पण त्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला आणि मिरचीची वाटी पुन्हा मागितली. माझा नवरा पक्का शाकाहारी आहे. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, नुसत्या भाजीतही माशांचा सॉस असतोच असतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात ‘जे’ असे थाई चिन्ह असलेल्या दुकानांत मांस, मासे, अंडी आणि दूध यांपैकी काहीही नसते, शिवाय कांदा-लसूणही नसतो. खंदकाच्या आतच असे एक छोटे दुकान आम्हांला मिळाले आणि पुढचे सगळे दिवस त्याची सोय झाली.

शनिवार : नदीवर

रात्रभर पाऊस पडला. सकाळी गाडी न्यायला आली तेव्हा तो थांबलेला होता, पण चालकाने खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवून मान हलवली. तिचा अर्थ चांगला की वाईट हे आम्हांला कळले नाही. 107 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला मे रिम मागे टाकून मे मालाईला पोहोचलो. ‘पाय’ नावाच्या गावाकडे जाणारा प्रसिद्ध 762 वळणांचा रस्ता येथूनच फुटतो. तिथे बाजारात पाच मिनिटे थांबून बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात घेतला. भाताला नारळाचे दूध आणि मीठ लावलेले होते आणि नळी केळे सोलावे तशी वरून सोलत खायची होती. पुढे रस्ता मे तेंगच्या खोऱ्यात वळला आणि दोन्ही बाजूंना हत्तींच्या छावण्यांच्या पाट्या सुरू झाल्या.

या पाट्यांमागे एक इतिहास आहे. उत्तर थायलंडच्या सागवानी जंगलांत ओंडके ओढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या हत्ती करत असत. 1988 मध्ये दक्षिणेत पूर आणि दरडींनी मोठी प्राणहानी झाली, तिचा दोष जंगलतोडीवर गेला आणि 1989 च्या जानेवारीत सरकारने नैसर्गिक जंगलातील लाकूडतोडीवर बंदी घातली. हत्ती आणि माहूत एकाच फटक्यात बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. आज काही छावण्यांत हत्तीवर बसवतात, तर काहींत फक्त दुरून पाहू देतात. रस्त्याच्या वळणावर एक हत्ती पाठीवर रिकामे हौदे घेऊन उभा दिसला, तेव्हा गाडीत कोणी काही बोलले नाही.

नदीकाठच्या तळावर आमच्यासोबत सोलहून आलेल्या दोन मैत्रिणी होत्या, म्हणजे राफ्टमध्ये आम्ही सहा जण आणि मागे गाईड. गाईड चाळिशीचा, आखूड बांध्याचा. तो याच खोऱ्यातील करेन या डोंगरी जमातीच्या एका वस्तीत वाढलेला होता. लहानपणी बांबूच्या तराफ्यावर उभे राहून काठीने नदी उतरायला तो आधी शिकला आणि रबराची राफ्ट नंतर आली. त्याने सर्वांत आधी केलेली गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. आपण घट्ट बांधले असे वाटत असताना त्याने माझ्या खांद्यांवरील पट्ट्यांत दोन बोटे घालून जॅकेट वर उचलले, ते माझ्या कानापर्यंत आले आणि मग त्याने बाजूचे पट्टे असे आवळले की बोलताना श्वास अडू लागला. हेल्मेटही असेच हनुवटीखाली दाबून बसवले. दादाचा चष्मा त्याने काढून घेतला नाही, तर खिशातून दोरी काढून मागे बांधून दिला.

शिकवणी सुमारे अर्धा तास चालली आणि ती ऐकताना हसणाऱ्याला तो थांबून पुन्हा सांगत होता. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तिच्यावरून हात कधी सोडायचा नाही, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर आपटते. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटे पाण्याच्या वर, म्हणजे खडक आला तर तो पायांनी ढकलता येतो. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, पाणी कमरेइतकेच असले तरी नाही. पाऊल दोन दगडांत अडकले की मागचा प्रवाह माणसाला पालथा पाडतो आणि मग उठता येत नाही. फेकलेली दोरी छातीशी धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. पडलेल्याला आत ओढताना हात किंवा केस न धरता जॅकेटचे खांद्यावरील पट्टे धरायचे, त्याला एकदा खाली दाबायचे आणि वर येताना स्वतः मागे झोकून द्यायचे. हे त्याने दादाला जमिनीवर झोपवून करून दाखवले.

हुकूम सगळे इंग्रजीत होते. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, ओव्हर लेफ्ट, ओव्हर राइट आणि गेट डाउन. शेवटचा हुकूम आला की वल्हे उभे धरून राफ्टच्या तळाशी बसायचे. पुढे बसलेले दोघे ताल देतात आणि मागच्यांनी त्यांच्याकडे पाहून वल्हे मारायचे असते. पुढे वहिनी आणि माझा नवरा बसले.

पाण्याचा रंग उतू जाणाऱ्या चहाचा होता. पहिला टप्पा सोपा होता आणि तो सरावासाठीच असतो. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मागे घ्या, असे दहा-दहा वेळा करून घेतले. दोन्ही काठांना बांबूची बेटे पाण्यावर ओणवली होती आणि मधूनच डोंगरउतारावर मक्याची शेते दिसत होती. या टप्प्यात गाईड पाणी वाचायला शिकवत होता. दोन खडकांमधून पाणी घुसते तेव्हा पृष्ठभागावर एक गुळगुळीत पट्टा तयार होतो आणि त्याचे टोक पुढे, प्रवाहाच्या दिशेला निमुळते होते. ती वाट. टोक आपल्याकडे रोखलेले असेल, तर तिथे पाण्याखाली खडक आहे. खडकावरून पडणारे पाणी कधी मागे वळून स्वतःतच घुसत राहते. तिथे पांढरा फेस उलटा, वरच्या दिशेला पळताना दिसतो आणि त्यात सापडलेली राफ्ट आडवी झाली तर तिथेच अडकते. म्हणून अशा ठिकाणी सर्वांनी जोर लावून वल्हवत पार व्हायचे असते. भीतीने वल्हे आत घेणे ही तिथे करायची सर्वांत वाईट गोष्ट. या माहितीनंतर नदी मला निराळी दिसू लागली. आधी जो नुसता गोंधळ होता त्यात वाटा दिसू लागल्या. अर्थात मला दिसलेल्या वाटेने तो एकदाही गेला नाही.

मग खोरे अरुंद झाले. दोन्ही बाजूंना खडक वर आले, आवाज वाढला आणि रॅपिडमागून रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत धावणाऱ्या पाण्याचे टप्पे, सुरू झाले. राफ्टिंगमध्ये रॅपिडच्या सहा श्रेणी मानतात. पहिली म्हणजे हलणारे पाणी आणि सहावी म्हणजे जिथे उतरू नये असे पाणी. मे तेंगचा हा भाग पावसाळ्यात बहुतांशी तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत मोडतो आणि फार पाणी असल्यास त्याहून वर जातो. आमच्या दिवशी दोन ठिकाणी गाईडने राफ्ट खडकामागच्या शांत पाण्यात लावली, आम्हांला काठ धरून बसवले आणि स्वतः खडकावर चढून खालचे पाणी पाहून आला. पुढे गेलेला कयाकवाला खाली थांबून वल्हे उभे किंवा आडवे धरून खूण करत होता. उभे म्हणजे या.

दादा पडला तो दुसऱ्या अशा ठिकाणी. आम्ही वाटेतून सरळ घुसलो, राफ्टचे नाक खाली गेले, समोरची लाट वहिनींच्या डोक्यावरून माझ्या तोंडावर आली आणि राफ्ट डाव्या अंगाने खडकावर चढली. गाईड ‘ओव्हर लेफ्ट’ ओरडला, म्हणजे सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची, नाहीतर वरच्या बाजूने पाणी आत चढून राफ्ट उलटते. पाच जण डावीकडे पडले आणि दादा उजवीकडून बाहेर गेला. डोळ्यांतले पाणी पुसेपर्यंत त्याचे लाल हेल्मेट चांगले दहा-बारा हात पुढे गेले होते. पण त्याच्या बुटांची टोके पाण्यावर दिसत होती, म्हणजे शिकवणी डोक्यात शिरलेली होती. राफ्ट खडकावरून घसरली, चार जोरदार वल्ही मारून आम्ही त्याच्या शेजारी आलो आणि वहिनींनी वल्हे माझ्याकडे फेकून दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यांचे पट्टे धरले. ‘आता दाबते हं’ असे नवऱ्याला बजावून त्यांनी त्याला एकदा पाण्याखाली घातले आणि पाठीवर कोसळत आत खेचले. दोघे राफ्टच्या तळात एकमेकांवर पडले. चष्मा नाकावर नसला तरी दोरीने मानेशी लटकत होता. त्या दोन कोरियन मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. दादाने खोकून पाणी बाहेर काढल्यावर पहिला प्रश्न केला तो असा : ‘दोन वेळा दाबायची काय गरज होती?’ वहिनींचे म्हणणे, एकदाच दाबले. हा वाद अजून मिटलेला नाही.

पोटात गेलेले पाणी ही इथे खरी काळजीची गोष्ट आहे. पावसाळ्यात डोंगरावरचे सगळे धुऊन नदीत येते, त्यामुळे तोंड मिटून ठेवावे. अंगावर उघडी जखम असेल, तर त्या दिवशी नदीत उतरू नये. परतल्यावर काही दिवसांत ताप आला, तर नदीत गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कपडे लवकर वाळणारे हवेत, जीन्स नकोच. पायांत घोट्याला पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत, कारण साधी चप्पल पहिल्या लाटेत जाते. फोन तळावर ठेवून द्यावा. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, म्हणून राफ्टिंगचा उल्लेख अटींमध्ये आहे का हे घरूनच वाचून निघावे.

अरुंद खोरे संपले आणि नदी एकदम पसरली. तिथे पाऊस आला. ओल्या माणसाला पावसाचे काय, तरी वारा सुटल्यावर मात्र दात वाजू लागले. सप्टेंबरमध्येही पाण्यात काही तास घालवल्यावर थंडी भरते, हे माहीत असावे. शेवटच्या संथ टप्प्यात गाईडने वल्हे मांडीवर ठेवले आणि काठावरील एका झाडाकडे बोट दाखवले. जमिनीपासून खूप वर, फांदीत वाळक्या गवताचा आणि प्लॅस्टिकचा पुंजका अडकलेला होता. तो पुराने ठेवलेला, असे त्याने सांगितले. 2024 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंग नदीला मोठा पूर येऊन चियांग माय शहर बुडाले होते, त्याच वेळी हे खोरेही पाण्याखाली गेले. याच खोऱ्यातील एलिफंट नेचर पार्कमधून शंभराहून अधिक हत्ती उंचावर हलवावे लागले आणि दोन हत्ती दगावले. त्या आठवड्यात तुम्ही काय केले, असे माझ्या नवऱ्याने विचारले. गाईडचे उत्तर साधे होते. राफ्ट होत्या, म्हणून त्यांतून गावोगाव तांदूळ आणि पिण्याचे पाणी पोहोचवले.

तळावर भात, भोपळ्याची भाजी, तळलेली अंडी, कोंबडीचा पातळ रस्सा आणि अननस असे जेवण होते. शाकाहाराची सूचना आदल्या दिवशी दिलेली असल्यामुळे नवऱ्यासाठी टोफू वेगळा परतला होता. गाईड आमच्याबरोबर बसला नाही. तो राफ्ट धुऊन, हवा कमी करून, दोऱ्या एकेक करून पिशवीत भरत होता. फेकायची दोरी पिशवीत गुंडाळून ठेवत नाहीत, तर वरून सैल कोंबत जातात, म्हणजे फेकताना गाठ पडत नाही. हे काम त्याने कोणालाही करू दिले नाही.

रविवार : खांदे आणि बाजार

सकाळी दादाला शर्ट डोक्यावरून काढता येईना. वल्हे मारताना हातांनी ओढण्यापेक्षा कमरेतून वाकून जोर द्यायचा असतो, हे गाईडने सांगितले होते. वहिनींनी ते पाळले आणि त्या एकट्या ठणठणीत होत्या. डोई सुतेपच्या मंदिराच्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढण्याचा बेत रद्द झाला, कारण आता मांड्याही बोलू लागल्या होत्या. राफ्टमध्ये पाय बैठकीच्या खाली रोवून तोल सांभाळावा लागतो, त्याचा तो परिणाम. राफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी चढाचे काही ठेवू नये.

त्याऐवजी आम्ही जुन्या शहरातील महिला कारागृहाच्या प्रशिक्षण केंद्रात मालिश करून घ्यायला गेलो. सुटकेच्या जवळ आलेल्या कैदी स्त्रियांना तिथे थाई मालिशचे शिक्षण दिले जाते आणि मिळणाऱ्या पैशांतील वाटा त्यांच्यासाठी ठेवला जातो. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंनी खांद्याला हात लावताच काही न विचारता वल्हवण्याची खूण केली. मी हो म्हटल्यावर त्यांनी कोपर वापरले.

संध्याकाळी रविवारचा रस्ताबाजार भरला. था पे दरवाज्यापासून रात्चदामनोन रस्ताभर दुकाने असतात आणि वाटेतील देवळांच्या आवारात खाण्याच्या गाड्या लागतात. हिरव्या मिरच्या आणि वांगी भाजून कुटलेली नाम प्रिक नुम नावाची चटणी चिकट भाताच्या गोळ्याला लावून खाल्ली. तिची चव आपल्या भरिताच्या इतकी जवळ होती की, नवऱ्याने त्यात मासे आहेत का हे विचारायच्या आधीच घास घेतला. होते.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी महिन्यांविषयी. नदी जोरात हवी असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबर घ्यावा, पण पावसाने सहल रद्द होऊ शकते म्हणून हाताशी एक दिवस मोकळा ठेवावा. मुले बरोबर असतील किंवा पोहता येत नसेल, तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. पाणी उतरलेले आणि काहीसे निवळलेले असते आणि हवा कोरडी असते. मात्र नोव्हेंबरच्या पौर्णिमेला यी पेंगच्या दीपोत्सवासाठी शहरात मोठी गर्दी होते आणि खोल्या फार आधी भरतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत शेतातील राब आणि जंगलातील वणवे यांच्या धुराने सगळे खोरे भरलेले असते, नदीतही पाणी नसते, तेव्हा त्या दिवसांत राफ्टिंगसाठी जाऊ नये.